नॉर्डश्ट्रांड : सनदेवर उभे राहिलेले बेट

नॉर्डश्ट्रांड ही जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातील उत्तर फ्रिझिया जिल्ह्याची एक ग्रामपालिका. हूझुम या बंदराच्या गावापासून थोड्याच अंतरावर, वाडन समुद्राच्या काठी ती वसली आहे. क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वादोन हजारांच्या घरात. नकाशावर ती आज द्वीपकल्प दिसते, पण हे अगदी अलीकडचे रूप. 1987 पर्यंत ते एका बांधाने किनाऱ्याला जोडलेले बेट होते, त्याआधी निखळ बेट होते, आणि 1634 च्या शरद ऋतूपर्यंत तर ते एका कितीतरी मोठ्या बेटाचा पूर्वेकडचा तुकडा होते.

इथे टेकडी नाही, खडक नाही. जमीन म्हणजे समुद्राने आणून टाकलेला चिकण गाळ, आणि तिची उंची इतकी बेताची, की बांध नसते तर मोठ्या भरतीचे पाणी शेतांतून फिरले असते. भरती-ओहोटीत साधारण तीन मीटरांचा फरक पडतो. ओहोटीला बांधाबाहेर मैलोन्‌मैल चिखलपट्टा उघडा पडतो आणि सहा तासांनी तिथेच समुद्र असतो. बांधाच्या आतल्या प्रत्येक बंदिस्त तुकड्याला ‘कोग’ म्हणतात. बांधातल्या दारांतून ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने ती दारे मिटतात. रायगडच्या खारबंदिस्तीतली उघाडी किंवा गोव्याच्या खाजणातले मानस ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व. नॉर्डश्ट्रांड म्हणजे असे एकमेकांना चिकटलेले कोग. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे आणि बांध पुरा झाल्याचे स्वतंत्र साल आहे. या भूमीचा इतिहास त्या सालांच्या क्रमानेच वाचावा लागतो, फक्त त्याच्या आधीचे एक प्रकरण पाण्याखाली आहे.

मध्ययुगाच्या आरंभी या किनाऱ्यावर फ्रिझियन लोक उत्तरेकडे सरकत येऊन स्थिरावले. सुरुवातीला त्यांनी मातीचे उंचवटे रचून त्यांवर घरे बांधली. अशा उंचवट्याला ‘वार्फ्ट’ म्हणतात. अकराव्या-बाराव्या शतकापासून शेतांभोवती बांध पडू लागले. किनाऱ्यालगतच्या या मोठ्या भूभागाला श्ट्रांड म्हणत. त्याचे पाच ‘हार्ड’, म्हणजे महालासारखे पाच विभाग होते : एडोम्स, बेल्ट्रिंग, लुंडनबेर्ग, पेलवोर्म आणि विरिक्स. कायद्याने हा मुलूख डेन्मार्कच्या राजाच्या आणि पुढे श्लेस्विगच्या ड्यूकच्या सत्तेखाली, पण व्यवहारात शेतकरी आपला न्याय आणि आपले बांध आपणच सांभाळत. सरंजामदारांचे किल्ले इथे उभे राहिले नाहीत, कारण पाण्यापुढे किल्ल्याचा काही उपयोग नव्हता आणि बांधासाठी लागणारे हात शेतकऱ्यांचेच होते.

संपत्तीचा एक मार्ग शेतीइतकाच महत्त्वाचा होता : मीठ. या भागात गाळाखाली कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर आहे. त्यात शतकानुशतके समुद्राचे पाणी मुरलेले. लोक वरचा गाळ बाजूला करून तो थर खणून काढत, वाळवत, जाळत, आणि राखेतून खारे पाणी काढून ते आटवत. त्या काळी मासे आणि मांस टिकवायला मीठच हवे, त्यामुळे या मिठाला चांगला भाव होता. पण प्रत्येक खणणीबरोबर जमीन खाली जात होती. बांधाआडच्या शेतांतले पाणी काढून टाकल्यानेही खालचे मऊ थर आकसून बसत होते. म्हणजे समुद्र वर चढत असताना माणूस आपल्याच हाताने जमीन खाली ढकलत होता. पुढच्या आपत्तींचा सारा दोष उधाणावर टाकण्याची रीत जुनी आहे, पण त्यात ही अर्धी बाजू सुटते.

पहिला मोठा घाव 16 जानेवारी 1362 च्या सुमारास बसला. संत मार्सेलसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या महापुरात एडोम्स विभागाचा मोठा भाग गेला, आणि त्याबरोबर रुंगहोल्ट हे व्यापारी गावही. श्ट्रांडचा आकार घोड्याच्या नालेसारखा झाला आणि मधल्या पोकळीत समुद्राचा उपसागर शिरला. रुंगहोल्टभोवती नंतर दंतकथांचे रान माजले. गावच्या माजलेल्या शेतकऱ्यांनी डुकराला माणसासारखे अंथरुणात निजवून पाद्र्याला अंत्यविधीसाठी बोलावले, म्हणून देवाचा कोप झाला, ही त्यांतली सर्वांत गाजलेली कथा. ती अंटोन हाइमराइख या पाद्र्याने 1666 च्या आपल्या बखरीत नोंदवली, म्हणजे घटनेनंतर तब्बल तीनशे वर्षांनी. डेटलेव्ह फॉन लिलिएनक्रोन हा कवी 1880 च्या दशकात शेजारच्या पेलवोर्मवर सरकारी अधिकारी होता. त्याच्या पोवाड्यामुळे हे नाव जर्मनीभर झाले.

गाव खरेच होते का, याविषयी बराच काळ शंका घेतली जाई. 1345 च्या हाम्बुर्गमधल्या एका मृत्युपत्रात त्याचे नाव आढळते. विसाव्या शतकात नॉर्डश्ट्रांडचाच एक शेतकरी, आंद्रेआस बुश, 1921 पासून ज्युटफाल या छोट्या बेटाजवळच्या चिखलात ओहोटीच्या वेळी फिरून विहिरी, वार्फ्ट आणि बांधातल्या दारांच्या लाकडी चौकटी मोजत, रेखाटत राहिला. तो शिक्षणाने पुरातत्त्वज्ञ नव्हता, पण त्याच्या नोंदी पुढे अभ्यासकांना आधार ठरल्या. 2023 मध्ये कील आणि माइन्त्स इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी चुंबकीय मोजणीच्या साहाय्याने चिखलाखाली दोन किलोमीटर लांबीची वार्फ्टांची रांग आणि सुमारे 40 मीटर लांब, 15 मीटर रुंद अशा एका मोठ्या चर्चचा पाया शोधल्याचे जाहीर केले. एवढे मोठे चर्च साध्या खेड्याचे नसते. डुकराची कथा बाजूला ठेवली तरी रुंगहोल्टची श्रीमंती खरी होती.

उरलेले श्ट्रांड पुढची पावणेतीनशे वर्षे टिकले आणि बऱ्यापैकी भरभराटले. 1634 च्या आधी त्याचे क्षेत्र 200 चौरस किलोमीटरांहून अधिक आणि लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास होती. धान्य आणि गुरे हूझुममार्गे बाहेर जात. या जीवनाचा कणा होता बांधाचा कायदा. ज्याची जमीन जेवढी, त्याच्याकडे बांधाचा तेवढा हिस्सा. तो त्याने स्वखर्चाने राखायचा. तो राखणे ज्याला झेपत नसे त्याने आपले फावडे बांधात रोवायचे आणि जमीन सोडून जायचे. ते फावडे जो उपसेल त्याची जमीन, आणि बांधाचे ओझेही त्याचेच. सोळाव्या शतकात हे नियम लेखी झाले आणि 1572 मध्ये नॉर्डश्ट्रांडची स्वतंत्र कायदेसंहिता तयार झाली. ही व्यवस्था कठोर होती, पण एका घराने हयगय केली तर साऱ्या कोगात पाणी शिरते, हे पाहता तिच्यात सवलतीला जागा नव्हती. बांध मात्र कायद्याइतके भक्कम नव्हते. समुद्राकडची बाजू बरीचशी उभी, काही ठिकाणी लाकडी फळ्यांनी शिवलेली. उतरत्या बांधावर लाट चढून दमते, उभ्या बांधावर ती आपटते आणि पाया खाते. हे ज्ञान पुढे आले, पण श्ट्रांडसाठी उशिरा.

सतराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत संकटे एकापाठोपाठ आली. प्लेगने माणसे नेली. 1625 च्या फेब्रुवारीत बर्फाचे तुकडे घेऊन आलेल्या पुराने बांध झोडपले. मग तीस वर्षांचे युद्ध इथवर पोहोचले. सैन्य पोसण्याच्या सक्तीविरुद्ध श्ट्रांडच्या लोकांनी आपला शासक, गोटॉर्पचा ड्यूक तिसरा फ्रिडरिख याच्याशी उघड झगडा मांडला. डेन्मार्कचा राजा चौथा क्रिस्तियान 1629 मध्ये बेटावर उतरला. या साऱ्यातून बेटाच्या वाट्याला आली फक्त लूट, दंड आणि ड्यूकची कायमची नाराजी. बांधावर घालायला पैसा आणि माणसे ज्या वर्षांत सर्वांत जास्त हवी होती, त्याच वर्षांत ती कमी पडली.

11 ऑक्टोबर 1634, जुन्या पंचांगाप्रमाणे. नव्या पंचांगाप्रमाणे 21 ऑक्टोबर. शनिवार होता. संध्याकाळी वारा नैऋत्येकडून वाढत गेला, मग फिरून वायव्येकडून आला आणि समुद्राचे फुगलेले पाणी थेट किनाऱ्यावर लोटू लागला. या किनाऱ्यावर वाऱ्याची ही फिरकी सर्वांत घातक, कारण आधीचा वारा पाणी कोपऱ्यात गोळा करतो आणि नंतरचा ते आत ढकलतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास श्ट्रांडचे बांध फुटू लागले. एकूण 44 ठिकाणी खांडी गेल्या. उंच बांधाआडची सखल जमीन काही तासांत भरली. चुलीतले निखारे विखुरून गवती छपरे पेटली आणि पाण्यावर तरंगत जळत राहिली, असे तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. रात्र असल्याने माणसे घरातच होती. फुटल्याचे कळेपर्यंत दाराशी पाणी होते.

या रात्रीचा एक जाणता साक्षीदार किनाऱ्यावर होता. यान आद्रियान्सझोन लेघवाटर हा हॉलंडमधला नामांकित जलस्थापत्यकार बांधकामासाठी मुलासह डागेब्यूलजवळ राहत होता. बांधावरच्या घरात जमलेल्या माणसांबरोबर त्याने रात्र काढली आणि नंतर जे पाहिले ते लिहून ठेवले : उंच बांधावर येऊन अडकलेली समुद्री जहाजे, घरांचे तुळया-वासे, मोडक्या गाड्या, मेलेली गुरे आणि माणसांची प्रेते. बांध म्हणजे काय आणि तो का फुटतो, हे समजणाऱ्या माणसाची ही साक्ष असल्याने तिचे मोल मोठे.

एकट्या श्ट्रांडवर 6,123 माणसे मेली, 1,339 घरे आणि 28 पवनचक्क्या गेल्या, गुरांची संख्या 50,000 सांगितली जाते. 1362 च्या मृतांचे जे भव्य आकडे बखरींत येतात ते विश्वासार्ह नाहीत. 1634 चे मृतांचे आकडे मात्र चर्चच्या विभागवार याद्यांतून आले आहेत. म्हणजे बेटावरच्या दर तीन माणसांपैकी दोन त्या एका रात्रीत गेली. संपूर्ण किनाऱ्यावरच्या मृतांचा अंदाज 8,000 ते 15,000 असा केला जातो.

सकाळी बेटाचे तुकडे झालेले होते. पश्चिमेला पेलवोर्म, पूर्वेला आजचे नॉर्डश्ट्रांड, आणि मध्ये उंच दलदलीचा एक पट्टा, जिथे शेती कधी झाली नव्हती म्हणून तो खचलाही नव्हता. त्या दलदलीवर वाचलेल्यांपैकी काहींनी झोपड्या घातल्या. आजची नॉर्डश्ट्रांडिशमोर ही सखल बेटवस्ती, म्हणजे ‘हालिग’, तीच. उत्तरेला उरलेला आणखी एक तुकडा हाम्बुर्गच्या आम्सिंक या व्यापारी भावांच्या मालकीचा होता, म्हणून आजही तो हाम्बुर्गर हालिग म्हणून ओळखला जातो. ओडेनब्यूलचे संत विन्सेंटचे जुने चर्च आजच्या नॉर्डश्ट्रांडवर पुरातूनही टिकून राहिले.

इथून पुढची वीस वर्षे या इतिहासातला खरा कळीचा काळ आहे. खांड पहिल्या एक-दोन वर्षांत बुजवली नाही तर रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या तिच्यातून ये-जा करत ती खोल करत जातात. मग ती खांड राहत नाही, खाडी होते. पेलवोर्मने हे ओळखले. तिथली जमीन थोडी उंच होती, डच पैसा आणि कौशल्य वेळेवर मिळाले, आणि 1637 पर्यंत तिथे बांध पुन्हा उभा राहिला. नॉर्डश्ट्रांडवर मात्र उरली होती कंगाल, विखुरलेली माणसे. खाऱ्या जमिनीत पीक नाही, पीक नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून बांध नाही. ड्यूक हुकूम काढत राहिला, लोक मुदत मागत राहिले. अनेकजण हॉलंडला गेले, काही फ्यॉर बेटावर वीक इथे वसले. मधली नॉर्डरहेवर ही खाडी दरवर्षी रुंद आणि खोल होत गेली. पेलवोर्म आणि नॉर्डश्ट्रांड पुन्हा कधी एक होणार नाहीत, हे त्या खाडीनेच ठरवले.

1652 मध्ये ड्यूकने फावड्याचा जुना कायदा या वाचलेल्यांवरच चालवला. बांध राखता येत नाही, तर जमीन तुमची नाही. सारी बुडीत भूमी त्याने सनद देऊन नेदरलँड्समधल्या चार भांडवलदारांच्या हवाली केली, त्यांत क्विरीनुस इंदरवेल्डन हा प्रमुख होता. सनदेत जमिनीची मालकी, करमाफी, स्थानिक न्याय आणि पोलिसी अधिकार आणि, लूथरपंथी राज्यात अपवादाने, कॅथलिकांना उपासनेचे स्वातंत्र्य असे सारे होते. ज्यांनी आई-बाप, मुले त्या रात्री गमावली होती, ते आता आपल्याच शेतांवर मजूर झाले. कायद्याच्या भाषेत यात काही चूक नव्हती. पण तो कायदा शेजाऱ्याने शेजाऱ्याची हयगय आवरावी म्हणून घडला होता, अख्खा समाज बुडाल्यावर त्याची मालमत्ता विकायला नव्हे. ड्यूकने त्याचा उपयोग जप्तीसारखा केला, असेच म्हणावे लागते.

पैसा आल्यावर कामाला वेग आला. ब्राबांटहून आणि हॉलंडहून अनुभवी बांधकरी आले. 1654 मध्ये पहिला कोग पुरा झाला. ड्यूकच्या नावाने त्याला फ्रिडरिख कोग म्हटले, आज तो अल्टर कोग, म्हणजे जुना कोग. 1657 मध्ये ड्यूकच्या पत्नीच्या नावाचा मारिया-एलिझाबेथ कोग, आजचा ओस्टर कोग. 1663 मध्ये ट्रेंडरमार्श. तीस वर्षांनी थोडे थोडके नव्हे, एक सबंध बेट समुद्रातून परत काढले गेले, पण ते जुन्या लोकांसाठी नव्हते.

नव्या मालकांबरोबर मेखेलेनचे ओरेटोरियन पंथाचे धर्मगुरू आले आणि त्यांनी 1662 मध्ये संत तेरेसाचे चर्च बांधले. या दलदलीच्या बेटात फ्रान्सच्या पोर-रॉयालशी संबंधित जान्सेनपंथीयांनी, म्हणजे कॅथलिकांतल्याच एका वादग्रस्त गटाने, पैसा गुंतवला होता, हे वाचून आश्चर्य वाटते. मात्र छळ झाला तर आश्रयाला एक जागा असावी, असा त्यामागचा विचार असल्याचे दिसते. ओरेटोरियनांचा इथला कारभारी क्रिस्तियान द कोर्ट 1669 मध्ये वारला आणि आपला वाटा अंत्वानेत बुरिन्यों या गूढवादी स्त्रीच्या नावे करून गेला. ती त्या वारशाच्या मागे श्लेस्विगला आली, हूझुमला छापखाना चालवला, वादांत सापडली आणि नॉर्डश्ट्रांडवर तिला कधी स्थिर होता आले नाही. सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेला यान श्वामरडाम तिला भेटायला 1675 मध्ये याच प्रदेशात आला होता. तेरेसाचे चर्च पुढे ओल्ड कॅथलिक पंथाकडे गेले आणि बराच काळ उट्रेख्टच्या बिशपांच्या अधिकारात राहिले.

जुन्या बेटाची फ्रिझियन बोली मात्र वाचली नाही. बोलणारे बहुतेक बुडाले होते, उरलेले पांगले, आणि नव्या कोगांत डच व लो जर्मन बोलणारे आले. शेजारच्या बेटांवर फ्रिझियन आजही ऐकू येते, इथे तिची जागा लो जर्मनने घेतली.

अठराव्या शतकात बांधकामाचे शास्त्र सुधारले. ह्यूगेनॉट घराण्यातला सावकार जाँ आंरी देमेर्सिएर याने समुद्राकडे लांब, सौम्य उताराचे बांध घालायला सुरुवात केली. 1771 मध्ये त्याने पुरा केलेल्या कोगाला पत्नीचे नाव दिले : एलिझाबेथ-सोफी. हा कोग आजही प्रशासनदृष्ट्या स्वतंत्र ग्रामपालिका आहे. त्याआधी 1691 मध्ये नॉयकोग झाला होता. पुढे 1866 मध्ये मोर्सुमकोग आणि 1924 मध्ये पोन्सहालिगकोग जोडला गेला. 1864 च्या युद्धानंतर डेन्मार्कची सत्ता संपली आणि 1867 मध्ये प्रशियाची आली.

याच काळातली एक हलकी नोंद. 1872 मध्ये एलिझाबेथ-सोफी कोगातल्या एका बारशाला कडक शिस्तीचे पाद्री गेओर्ग ब्लेयर हजर होते. यजमानांनी कॉफीत रम घातली आणि वास लपावा म्हणून वर घोटलेली साय थापली. चुकून पाद्र्यांच्याच हाती तो पेला गेला आणि ते उद्गारले, ‘ढोंगी लेकाचे!’ बायबलमधल्या ढोंग्यांच्या नावाने, ‘फारिझेअर’ म्हणून, हे पेय जर्मनीभर मिळते. 1981 मध्ये फ्लेन्सबुर्गच्या न्यायालयाने दोन सेंटिलिटर रम त्यासाठी पुरेशी नाही, असा निकालही दिला.

विसाव्या शतकाने बेटपण संपवले. 1907 मध्ये किनाऱ्यापर्यंत पहिला बांध झाला, पण तो उधाणात बुडे. 1930 च्या दशकात उंच बांध आणि त्यावरून रस्ता आला. फेब्रुवारी 1962 च्या महापुरानंतर राज्याने बांधांची लांबी कमी आणि उंची जास्त करण्याचा कार्यक्रम आखला. त्यात नॉर्डश्ट्रांडच्या उत्तरेचा उपसागर बंद करण्याची योजना होती. निसर्गवाद्यांनी तिला कडवा विरोध केला, कारण तो चिखलपट्टा पक्ष्यांचे माहेरघर होता. योजना लहान झाली आणि 1987 मध्ये सुमारे 3,350 हेक्टरांचा बेल्ट्रिंगहार्डर कोग बंदिस्त झाला. बुडालेल्या जुन्या विभागाचे नाव त्याला दिले, पण तिथे वस्ती नाही, आहे ती राखीव निसर्गभूमी. बाहेरचा वाडन समुद्र 1985 मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि 2009 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा झाला.

नॉर्डश्ट्रांडिशमोर नॉर्डश्ट्रांड ग्रामपालिकेतच मोडते. तिथे मोठा बांध नाही. वादळात सारी जमीन पाण्याखाली जाते आणि वीसेक माणसे वार्फ्टांवरून ते पाहतात. ओहोटी-भरतीची पर्वा न करता किनाऱ्याशी जोडणारी छोटी रूळवाट 1934 मध्ये आली. तिच्यावर रहिवाशांच्या स्वतःच्या ट्रॉल्या धावतात. नॉर्डश्ट्रांडच्या मुख्य भागात गहू, मोहरीसारखी तेलबियांची पिके, बांधांवर मेंढ्या आणि उन्हाळ्यात पर्यटक. पेलवोर्मची फेरीबोट श्ट्रुकलानुंग्सहोर्न बंदरातून सुटते आणि 1634 पर्यंत जिथे शेते होती त्या पाण्यावरून जाते.

समुद्राकडच्या बांधांची जबाबदारी 1971 पासून राज्य सरकारकडे आहे. अल्टर कोगाचा बांध गेल्या दशकात नव्याने घडवला गेला : उतार अधिक सौम्य आणि माथा मुद्दाम रुंद, जेणेकरून समुद्र आणखी चढला तर त्याच पायावर वरून भर घालता यावी. त्याचा खर्च आता कोगातल्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या खिशातून जात नाही, आणि तो झेपला नाही म्हणून कुणाची जमीनही जात नाही.